रिसेट मारला की चालू, थोड्या वेळाने पुन्हा ‘सेवा बंद’: स्वयंचलित शौचालयाचा न संपणारा फॉल्ट

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: “सकाळी रिसेट मारला होता, दुपारी परत बंद पडलं.” रस्त्याकडेचं, स्वतःला धुणारं शौचालय. बाहेर लाल दिवा, पॅनलवर ‘सेवा बंद’. मागचं सर्व्हिसचं दार उघडून रिसेट मारला की पुढचं दार सरकतं, धुलाई होते, हिरवा दिवा लागतो. थोडे लोक वापरून जातात आणि पुन्हा तेच. मग कोणीतरी म्हणतं, कार्ड (यंत्र चालवणारं कंट्रोलरचं सर्किट) गेलं. नवीन कार्ड मागवतात, बसवतात, आणि नवीन कार्डही इमानेइतबारे तोच फॉल्ट दाखवतं.

कार्ड जातं, नाही असं नाही, पण फार कमी वेळा. रिसेटने जाणारा आणि परत येणारा फॉल्ट असेल तर सगळ्यात आधी फरशीची जाळी उचलून बघा. जाळीचा आणि ‘सेवा बंद’चा संबंध काय, हे कळायला हे यंत्र चालतं कसं ते थोडं बघावं लागेल.

माणूस बाहेर पडल्यावर आत काय होतं

या शौचालयांचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिल्यात कमोडच जागा सोडतो. १९८० च्या सुमारास पॅरिसमध्ये जेसीडेको कंपनीने जी सॅनिझेट आणली, ती या जातीची. वापर झाला की कमोड मागच्या भिंतीआड जातो, तिथे पाण्याच्या फवाऱ्याने आणि जंतुनाशकाने धुतला जातो आणि मग पुन्हा पुढे येतो. दुसऱ्या प्रकारात स्टेनलेस स्टीलचा कमोड जागेवरच असतो. भिंतीतले नोझल त्याच्यावर आणि फरशीवर फवारा मारतात. फरशीला उतार असतो, पाणी जाळीतून खाली जातं. यात फरशी दर वेळी धुतली जातेच असं नाही. ठरावीक वापरांनंतर धुवायची अशी सेटिंग बऱ्याच यंत्रांत असते.

प्रकार कुठलाही असो, क्रम साधारण सारखाच. माणूस बाहेर पडतो, दार बंद होतं, आत कोणी नाही याची खात्री होते, धुलाई, निचरा, जिथे सोय असेल तिथे गरम हवेने सुकवणं, शेवटी हिरवा दिवा. यातली प्रत्येक पायरी कंट्रोलरला कुठल्या ना कुठल्या सेन्सरकडून होकार मिळाल्यावरच पुढे सरकते. दार बंद झालं? लिमिट स्विच सांगतो. आत कोणी नाही? फरशीखालचे वजनाचे सेन्सर आणि छताजवळचा हालचालीचा सेन्सर सांगतात. टाकी भरली? फ्लोट सांगतो. ठरलेल्या वेळात होकार आला नाही की यंत्र थांबतं आणि फॉल्ट टाकतं. आत माणूस असताना धुलाई सुरू होण्यापेक्षा शौचालय बंद पडलेलं परवडलं, असाच हिशोब बनवणाऱ्याने केलेला असतो, आणि तो बरोबरच आहे.

आता गोम इथे आहे. फॉल्ट ज्या पायरीच्या नावाने नोंदला जातो, त्या पायरीवर यंत्राचा धीर संपलेला असतो, एवढंच. कारण पुष्कळदा आधीच्या पायरीत असतं. ‘टाकी भरली नाही’ असा फॉल्ट आला म्हणून पाण्याच्या लाइनीत शोध घेत बसतात, आणि खरं तर फ्लशचा व्हॉल्व्ह नीट बसत नसतो. वरून भरतंय, खालून जातंय, टाकी भरणार कुठून?

रिसेट मारण्याआधी नोंद बघा

पॅनलवर मागच्या फॉल्टची यादी असते. रिसेट मारून निघून जाण्याआधी ती वहीत उतरवा किंवा मोबाइलवर फोटो घ्या, कारण काही यंत्रांत मोठा रिसेट मारला की यादीही जाते. आणि फक्त फॉल्टचं नाव उतरवू नका. दोन फॉल्टच्या मध्ये किती वापर झाले आणि घड्याळात किती वाजले होते, हे दोन आकडे जास्त बोलतात.

फॉल्ट साधारण तेवढ्याच वापरांनंतर येत असेल, तर काहीतरी साचत आहे: फरशीवर पाणी, जाळीत कचरा, मैल्याच्या टाकीत पातळी. दिवसाच्या ठरावीक वेळी येत असेल, तर कारण बाहेर आहे. त्या वेळी लाइनचं प्रेशर पडत असेल, किंवा दार उघडलं की तिरपं ऊन थेट सेन्सरवर येत असेल. कसलाच मेळ लागत नसेल, तर वायर, कनेक्टर, दाराचा रुळ किंवा माणसं. एवढी वर्गवारी केली तरी अर्धं काम झालं.

आत कोणी नाही, तरी ‘आत कोणी आहे’

सगळ्यात जास्त डोकं खाणारा फॉल्ट हाच, म्हणून इथे जरा थांबू.

हालचालीचा सेन्सर खरं तर हालचाल बघत नाही. तो उष्णतेतला बदल टिपतो. माणूस निश्चल बसला की थोड्या वेळाने तो सेन्सरला दिसेनासा होतो. म्हणूनच त्याच्या एकट्याच्या भरवशावर धुलाई सुरू करत नाहीत, जोडीला फरशीखाली लोड सेल, म्हणजे वजन मोजणारे सेन्सर असतात. उलट बाजूने, गरम हवेचा झोत, अंगावर येणारं ऊन किंवा काचेवर धरलेली वाफ यामुळे हालचालीच्या सेन्सरला नसलेला माणूस दिसू शकतो. त्याची काच मऊ कोरड्या कापडाने पुसा आणि सुकवणीच्या हवेचा झोत थेट त्याच्यावर जात नाही ना, ते बघा. हे पाच मिनिटांचं काम.

वजनाची गोष्ट मात्र वेगळी. १ चौरस मीटर जागेवर १ सेंटिमीटर पाणी साचलं तर त्याचं वजन १० किलो होतं. फरशी २ चौरस मीटरची असेल तर २० किलो. म्हणजे एक लहान मूल. धुलाई झाली, निचरा सावकाश होतोय, फरशीवर बोटभरही नाही एवढं पाणी उभं आहे, आणि यंत्राच्या लेखी आत कोणीतरी उभं आहे. हिरवा दिवा लागत नाही. काही यंत्रं दार उघडतात, ‘कृपया बाहेर या’ अशी रेकॉर्ड वाजवतात, थांबतात, पुन्हा वाजवतात आणि शेवटी फॉल्ट टाकून गप्प बसतात.

माणूस पोचेपर्यंत तास-दोन तास गेलेले असतात. तोवर पाणी हळूहळू निघून गेलेलं असतं, फरशी कोरडी असते. रिसेट मारला की सगळं सुरळीत. म्हणून रिसेटने दुरुस्त झालं असं वाटतं. दुरुस्त केलं ते त्या दोन तासांनी.

इथे लोक आणखी एक गंमत करतात. फरशी घाण राहते अशीही तक्रार त्याच शौचालयाची असते, म्हणून धुलाईचा वेळ वाढवून ठेवतात. निचरा तेवढाच, पाणी जास्त, फॉल्ट आधीपेक्षा लवकर. सेटिंगमध्ये कोणी हात घातला आहे का, हे आधी विचारा, आणि वेळ मूळ आकड्यावर आणून मगच पुढे जा.

नसलेलं वजन दिसायला साचलेलं पाणी एवढं एकच कारण नसतं. काही यंत्रांत लोड सेलवर तरंगती फरशी असते, आणि तिच्या कडेच्या रबरी पट्टीत वाळू, काचेचे तुकडे, सिगारेटची थोटकं जाऊन बसतात. फरशी एका कडेला अडकते आणि वजन गेल्यावरही पूर्ण वर येत नाही. चारही कोपऱ्यांवर एकेक करून पायाने दाबा आणि सोडा. पॅनलवरचा वजनाचा आकडा प्रत्येक वेळी शून्यावर परत यायला हवा. एक कोपरा हट्टी निघाला तर पट्टी काढून फट साफ करा. केबलच्या जोडात पाणी शिरलं असेल तर आकडा हात न लावताही सरकत राहतो. तो जोड सुकवून चालत नाही, बदलावाच लागतो.

रिसेटचा धोका

हा भाग घाईत असाल तरी वाचा. बऱ्याच यंत्रांत सुरू होताना फरशीवर जे वजन असेल तेच ‘शून्य’ धरलं जातं. फरशीवर पाणी उभं असताना, बादली ठेवलेली असताना किंवा स्वतः आत उभं राहून दुसऱ्याला रिसेट मारायला सांगितलं, की यंत्राचं शून्यच चुकतं. पुढे पाणी ओसरलं की आकडा शून्याखाली जातो. मग खरोखर लहान मूल आत असलं तरी यंत्राला फरशी रिकामी वाटू शकते. लहान मुलांना एकटं आत सोडू नका अशी पाटी या शौचालयांवर असते, त्यामागे हलकं वजन यंत्राच्या नजरेतून सुटण्याची हीच भीती असते. म्हणून रिसेट मारताना फरशी मोकळी आणि निथळलेली हवी, आत कोणी नको. आणि आत हात घालून काम करायचं असेल, तर सर्व्हिस स्विच बंद करून त्याला कुलूप लावा, किल्ली खिशात. भिंतीआड जाणाऱ्या कमोडच्या यंत्रणेत तर याला पर्यायच नाही. ती मोटर माणसाचा हात ओळखत नाही.

निचरा तपासायचा कसा

१० लिटरची बादली भरून उताराच्या वरच्या टोकाला एकदम ओता आणि शेवटचं पाणी जाळीत जाईपर्यंतचे सेकंद मोजा. नुसता आकडा बघून काही कळणार नाही, तुलना लागते. जाळी, ट्रॅप (जाळीखालचं, पाणी धरून ठेवणारं पाइपचं वळण) आणि पाइप स्वच्छ केल्याबरोबर हीच चाचणी घेऊन तो आकडा सर्व्हिसच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढच्या खेपेला वेळ दुप्पट झाली असेल तर फॉल्ट यायच्या आधीच तुम्हाला कळलेलं असेल.

जाळी उचलली की वर थोडासा कागद दिसतो आणि वाटतं, एवढंच आहे. खालची टोपली बाहेर काढा. ओल्या वाइप्स पिळून दोरीसारख्या झालेल्या असतात, त्यांत केस गुंतलेले, केसांत धागे, आणि या सगळ्यावर करडा बुळबुळीत थर. पाणी त्यातून झिरपतं, वाहत नाही. बाहेरून बघणाऱ्याला निचरा चालू दिसतो, फक्त तो धुलाईच्या वेगाला पुरत नाही. वाइप्स पाण्यात विरघळत नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

अमेरिकेत सिएटल शहराने २००४ मध्ये अशी पाच शौचालयं बसवली आणि २००८ मध्ये काढून ऑनलाइन लिलावात विकून टाकली. तिथे आत चालणाऱ्या नको त्या उद्योगांचा बोभाटा झाला होताच, पण यंत्राच्या बाजूने बघितलं तर जमिनीवर एवढा कचरा पडायचा की फरशी धुणारी यंत्रणा निकामी व्हायची. फवाऱ्याला कचरा उचलता येत नाही, तो फक्त जाळीकडे ढकलता येतो. आत कचऱ्याचा डबा नसेल किंवा भरून वाहत असेल, तर तो सगळा माल जाळीतच जाणार. डब्याशिवाय असं शौचालय चालवणं मला तरी पटत नाही. यंत्र स्वतःला धुतं म्हणून दिवसातून एकदा माणसाने आत डोकावायचंच नाही, हेही नाही.

टोपली स्वच्छ करूनही वेळ कमी होत नसेल तर पाइपमध्ये लघवीचे क्षार बसलेत. पिवळट-तपकिरी, दगडासारखा थर, आतून पाइपचा व्यास खाऊन टाकतो. तो काढायला आम्लयुक्त डिस्केलर लागतं. सायट्रिक किंवा सल्फॅमिक आम्लाचं घ्या. हायड्रोक्लोरिक आम्ल टाळा, त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पडतात. आणि यंत्राच्या जंतुनाशकात ब्लीच असेल तर आधी ते डोसिंग (जंतुनाशक आपोआप सोडणं) बंद करा, भरपूर पाण्याने लाइन धुवा, मगच आम्ल ओता. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. शौचालय म्हणजे बंद खोली. दार उघडं अडकवून ठेवा आणि एकट्याने हे काम करू नका.

पाण्याची बाजू

निचरा चांगला आहे, वजन शून्यावर येतंय, तरी धुलाई अर्धवट राहून फॉल्ट येतो? मग पाण्याकडे वळा. गेजवर प्रेशर बघून ‘ठीक आहे’ म्हणू नका. सगळे व्हॉल्व्ह बंद असताना गेज नेहमीच छान दिसतो. मॅन्युअल मोडमध्ये फरशीचा व्हॉल्व्ह उघडा आणि पाणी वाहत असताना गेज बघा. काटा धाडकन खाली आला तर लाइनच्या तोंडाशी असलेली गाळणी चोक झालेली असते, किंवा मागे कोणीतरी कॉक अर्धा बंद करून विसरलेलं असतं.

मग एकेक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारा-मिटणारा) मॅन्युअलमध्ये चालवा आणि कान द्या. टक् आवाज आला पण पाणी नाही, तर आतली बारीक वाट किंवा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) चोक. आवाजच नाही, तर कॉइल किंवा वायर. बंद केल्यावरही पाणी गळत राहिलं, तर डायफ्रॅमखाली वाळूचा कण अडकलाय. व्हॉल्व्ह उघडून एक कण काढला की बरं होणारं दुखणं आहे हे, आणि यासाठी आख्खा व्हॉल्व्ह बदललेला मी बघितला आहे. पाणी जड असेल तर नोझलच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. फवारा पंख्यासारखा पसरायचा तो एकाच धारेत येतो, एक पट्टा स्वच्छ आणि बाकी फरशी तशीच. नोझल काढून सायट्रिक आम्लाच्या पाण्यात भिजत घाला. तारेने टोचू नका, भोक वाकडं झालं की फवारा कायमचा बिघडतो.

जंतुनाशकाचा डोसिंग पंप रबरी नळी पिळून चालतो. ती नळी कालांतराने चपटीच राहते. पंप फिरताना दिसतो, डबा रिकामा होत नाही. डबा आठवडाभर तेवढाच भरलेला असेल तर खूश होऊ नका.

दार, वीज, वास

दाराचं थोडक्यात. दार बंद होत होत परत उघडत असेल तर मोटरला अडथळा जाणवतोय. खालचा रुळ साफ करा, दार वीज बंद करून हाताने सरकवून बघा, कुठे जड जातं ते कळतं. अडथळ्याची मर्यादा वाढवून किंवा कडेची सुरक्षापट्टी बायपास करून दार ‘चालवू’ नका, ती पट्टी कोणाच्या तरी बोटांसाठी आहे.

दाराच्या फॉल्टमध्ये माणसांचाही वाटा असतो. आधीचा बाहेर पडताच पुढचा दार बंद व्हायच्या आत शिरतो. यंत्राच्या हिशोबात दार बंद झालेलंच नसतं, धुलाई झालेली नसते, आणि आत वजन असतं. यंत्र अडतं. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबा, ही सूचना दाराशेजारच्या लांबलचक नियमावलीत कोणी वाचत नाही. ती सरकणाऱ्या दाराच्या कडेलाच, डोळ्यांच्या उंचीवर, मोठ्या अक्षरात लावा. जिथे नाण्याचं यंत्र आहे तिथे पैसे वाचवायलाही लोक असं घुसतात. पॅरिसने २००६ मध्ये सॅनिझेट मोफत केल्या. लोकांची सोय झालीच, पण देखभालीच्या दृष्टीनेही अडकणारा एक भाग कमी झाला, असं मी म्हणेन.

विजेचं: पंप सुरू होण्याच्या क्षणी कंट्रोलरचा २४ व्होल्टचा पुरवठा मोजा. तिथे तो कोसळत असेल तर कार्ड स्वतःहून पुन्हा सुरू होतं आणि फॉल्ट दर वेळी वेगळा दिसतो. खरं तर पॉवर सप्लाय थकलेला असतो. वीज गेल्यावर दार आतून उघडता आलंच पाहिजे, ही चाचणी दर भेटीत करा, बॅटरी नवीन असली तरी.

वासाची तक्रार असेल आणि सगळं धुतलं जात असेल, तर शौचालय मध्ये बरेच दिवस बंद होतं का ते विचारा. ट्रॅपमधलं पाणी उडून गेलं की गटाराची हवा थेट वर येते. बादलीभर पाणी ओतलं की जाते.

चालू करून देण्याआधी

फरशी कोरडी करा, आत कोणी नाही हे बघा आणि मग रिसेट मारा. धुलाईची पूर्ण फेरी होऊ द्या आणि हिरवा दिवा लागला की लगेच वजनाचा आकडा बघा, तो शून्याच्या आसपास असायला हवा. मग २० लिटरचा पाण्याने काठोकाठ भरलेला कॅन आत फरशीच्या मधोमध ठेवा, म्हणजे २० किलो झाले. मग एकेका कोपऱ्यात ठेवून बघा. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा याहून कमी असेल, तर प्रत्येक जागी पॅनलवर ‘आत कोणी आहे’ असंच यायला हवं. एका जागीही आलं नाही तर शौचालय सुरू करू नका. दाराला बाहेरून कुलूप घाला, कंपनीच्या माणसाला फोन करा आणि कॅन कुठल्या कोपऱ्यात ठेवला होता ते त्याला सांगा, म्हणजे तो चारांऐवजी एकच लोड सेल घेऊन येईल.